पारोशा यंत्राला हार

वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या एकच बातमी आहे: तिसऱ्या मजल्यावरच्या गुरुदत्त रेग्यांनी दसऱ्याला कंपनीत भटजींवर नारळ उगारला. दोन घरी ती मीच पोचवली, तेव्हा दुरुस्तीही मीच करतो. नारळ हातात होता, एवढंच खरं. भांडण भटजींशी नव्हतं, मॅनेजर टिपणीसांशी होतं.

गुरुदत्त एका कारखान्याच्या वीजघरात गॅस टर्बाइन सांभाळतात. हे यंत्र हवा ओढून दाबतं आणि तिच्यात गॅस जाळतं. हवेबरोबर आपल्याकडची धूळ, तेलकट धूर सगळं आत जातं आणि हवा दाबणाऱ्या पात्यांवर थर धरतो. मग वीज कमी, गॅस जास्त. उपाय म्हणजे यंत्र थांबवून, गार करून आतून धुवायचं. पण तेवढा वेळ वीज बाहेरून महाग घ्यावी लागते. म्हणून टिपणीसांचं एकच, "चालतंय ना? मग चालू दे." चालत्या यंत्रात थोडं पाणी मारू देतात. गुरुदत्त म्हणतात, त्याने तोंड ओलं होतं, अंघोळ होत नाही.

गणपतीच्या आधीपासून हा माणूस जिन्यात हेच ऐकवतोय. मीही मुद्दाम विचारतो, "काय, अजून पारोसंच का?" की लगेच कपाळाला आठी.

दसऱ्याला कारखाना बंद. यंत्र आदल्या दिवसापासून थांबलेलं, थंडगार. गुरुदत्तांनी शुद्ध पाणी, साबण, पंप, सगळी तयारी केली. पूजेच्या वेळी टिपणीस आले आणि पंप बघून थबकले.

"अरे, हळदकुंकू लावलंय, हार घातलाय. आता पाणी कसलं ओततोस? गेल्या खेपेला धुतलं नि चालू व्हायला उशीर झाला. वरून शिव्या मी खाल्ल्या."

"साहेब, वरून पॉलिश केलंत. आतून पारोसं आहे ते."

"सणासुदीला वाकडं बोलू नकोस. फोड नारळ."

फोडला बिचाऱ्याने. आरती झाली, पेढे वाटले, पंप पुन्हा स्टोअरमध्ये गेला आणि संध्याकाळी यंत्र होतं तसंच मळकट चालू झालं.

काल जिन्यात गाठलं, तर आठी अजून जागच्या जागी. म्हटलं, "अहो रेगे, देवाला चाललं ना पारोसं? मग तुम्हीच कशाला कुढताय?"

गुरुदत्त म्हणाले, "देवाला चालत असेल. गॅसच्या बिलाला चालत नाही."