शेठच्या हवेलीचं पत्रक

शेठची हवेली आता नाही. शेगावच्या रस्त्यावर तिच्या जागी लॉज उभं आहे. हवेली पाडली याचा राग आहेच. पण किळस येते ती हवेली वाचवायला निघालेल्या आमच्या समितीची. त्यात मीही आले.

शेठ म्हणजे कापसाचा बडा व्यापारी. जिनिंग त्याची, अडत त्याची, दगडी हवेली त्याची. नातवांनी ती पाडायला काढली तेव्हा पत्रक मी लिहिलं. 'शेठजींच्या पाणपोईनं अख्ख्या गावाची तहान भागवली,' असं ठोकून दिलं. खाली पाठिंबा देणाऱ्यांची नावं हवी होती, म्हणून आधी बाबांना दाखवलं. त्यांची आई त्याच जिनिंगमध्ये कापूस निवडायची.

बाबांनी कागद वाचला. "भागवली ना," म्हणाले. "वरून."

मग सांगितलं. बाकीच्यांना पाणपोईवर लोटा मिळायचा. आमच्या बौद्धवाड्यातल्यांसाठी हवेलीच्या मागच्या भिंतीत पत्र्याची नळी होती. आतून बाई पाणी ओतायची, बाहेर आपल्या माणसांनी ओंजळ धरायची. तिला हाक मारायची नाही. टाळी वाजवायची अन् थांबायचं.

"नाव टाक माझं," बाबा म्हणाले. "पण हे लिही. ते भिंत राहाले पाह्यजे. लोकायले दिसली पाह्यजे."

हवेली माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त हवी होती.

मी लिहिलं. समितीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, यांनी तेवढा मजकूर खोडला. "पोरी, हे आता काऊन उकरून राह्यली? आधी हवेली वाचू दे. शेठच्या घरचे चिडतीन." मी दोन मिनिटं भांडले, मग त्यांच्याकडचा चहा प्यायले.

पत्रक छापून आलं. भिंत नव्हती. बाबांचं नाव होतं. मला ते दिसलं, तरी मी वस्तीत घरोघर वाटलं.

संध्याकाळी बाबांनी नावावर बोट ठेवलं. "हे तू वाटलं?"

"हाव."

"किती घरी?"

"सगळ्या."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चपला घातल्या आणि शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. "पोरीनं देल्ला कागद वापस द्या, बाई. माझं नाव आहे त्याच्यात, पण मी तसं म्हटलं नाही." मग पुढचं दार. एका घरी त्यावर भजी काढून ठेवली होती. तो तेलकट कागदही त्यांनी घडी घालून घेतला. मी मागं मागं, हातात पिशवी. परत आलेला एकेक कागद मी तीत भरत गेले.