नागपंचमी आणि फुरशाचं औषध

नागपंचमीला आमच्याकडे विळी माळ्यावर जाते. चिरायचं नाही, कापायचं नाही, टोचायचंही नाही. ताई त्या दिवशी सुईत दोरासुद्धा ओवत नाही. आदल्या दिवशी ती भावाचा, म्हणजे माझा, उपास धरते. गोडदेव गावातल्या घरात आम्ही दोघंच. मी विज्ञानवादी माणूस, त्यामुळे उकडलेली दिंडं हाणता हाणता दरवर्षी तिला अंधश्रद्धेवर भाषण देतो.

यंदा तिसऱ्या दिंडानंतर छातीत कळ आली. मी म्हटलं, गॅस असेल. ताईने रिक्षात कोंबून मला काशीमीऱ्याच्या हॉस्पिटलात नेलं.

"हार्टची नस बंद होतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लगेच अँजिओप्लास्टी करू. गुठळी वाढू नये म्हणून एक औषधही देतोय."

"कसलं?"

"कारखान्यातच बनतं, पण सुचलं फुरशाच्या विषावरून. फुरसं चावलं की रक्त नीट गोठत नाही ना? त्या विषातल्या एका घटकासारखं हे बनवलंय. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत नाहीत. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, आम्ही लक्ष ठेवू."

यावर विज्ञानवादी माणूस काय म्हणाला? "उद्या केलं तर नाही का चालणार? आज पंचमी आहे."

"उद्यापर्यंत थांबलात तर जिवावर बेतेल," बाई म्हणाल्या.

तरी आधाराला म्हणून मी काकांना फोन लावला. ते ओरडलेच, "आज टोचू देऊ नकोस. त्यात सापाचं विष? घराण्याला भोवेल."

ताईने फोन हातातून काढून घेतला. "काका, उपास मी केलाय, आणि तो ह्याच्यासाठी केलाय. हा राहिला तर पंचमी. भोवायचंच असेल तर मला भोवू दे, मी घरीच असते." फोन ठेवून मला म्हणाली, "वर्षभर मला अक्कल शिकवतोस ना? कर सही."

केली. इतकी वाकडी आली की माझी मलाच ओळखू येईना.

दोन दिवसांनी काका बघायला आले. "वाचलास, बरं झालं. पण दिवस चुकला."

ताई सफरचंद कापत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या पंचमीला असं काही झालं तरी हेच करणार. आणि आदल्या दिवशी उपासही धरणार."

"दोन्ही कसं चालेल गं?"

"चालवून दाखवलंय ना," म्हणत तिने सुरीचं टोकच माझ्याकडे केलं. मी पुराव्यासारखा पडून राहिलो.