न्हाणीतली टक्कर

नव्वदीच्या दशकात मी साताऱ्यात भाड्याच्या खोलीत राहायचो आणि फोटोचे ब्लॅक अँड व्हाइट रोल न्हाणीत धुवायचो. झरोक्यावर घोंगडं ठोकलं की आत असा अंधार व्हायचा, की स्वतःचं नाक दुसऱ्या फेरीत सापडायचं. त्याच न्हाणीत मी आयुष्यातला सगळ्यात मोठा मार खाल्ला. मारणारा होता मामाचा एडका.

मामा माणदेशातला. एडक्याला रोज दूध-अंडी. मामी म्हणायची, "मला लग्नातबी एवढं चारलं न्हाई."

जत्रेत सांगलीकडच्या एका मिशाळ गड्याच्या एडक्याशी त्याची टक्कर लागली. पैज अशी, की आधी पाठ फिरवील तो जिंकणाऱ्याच्या रश्श्यात. धडक बसली की शिंगांतून धूर निघे आणि देवळातली घंटा आपोआप वाजे. शेवटच्या धडकेला दोघंही धुळीत बुडाले. धूळ बसली, तर दोन्ही एडके पाठमोरे! मग माणसंच भिडली. काठ्या मोडल्या, डोकी फुटली, कुणाचा तरी दात उडून माझ्या कॅमेऱ्यावर आपटला. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून फोटो काढतच होतो.

"तुजा आधी फिरला! सुरी आण रं!" मिशाळ गरजला.

मामानं माझं मानगूट धरलं. "भाच्यानं फोटू काढल्यात. आधी फोटू, मग सुरी."

"मंग फोटू दिसंस्तवर एडका माज्या नजरंम्होरं पायजे."

टेम्पोत बसून, जिना चढून तिघंही माझ्याबरोबर खोलीवर आले. मामा, मिशाळ आणि एडका.

फिल्म धुवायच्या डब्यात बंद झाली की उजेड चालतो, पण तोवर एक तिरीप आली तरी सगळं खलास. दाराला फटी होत्या. मामानं बाहेरून माझा माणूसभर उंचीचा आरसा दाराला टेकवला. न्हाव्यानं टाकून दिलेला. मी आत फिल्म उलगडली.

"पावनं, च्या घ्या," बाहेरून मामाचा आवाज आला.

"च्या नगं. सुरीला धार लावाय दगुड हाय का?"

फाडकन आवाज आला. मामानं मिशाळच्या थोबाडीत दिली. पण त्या हातातून दोरी सुटली. एडक्यानं समोर पाहिलं. आरशात एक गडी शिंगं रोखून उभा!

"भाच्या, सर!"

सरतो कुठं? आरसा, कडी, दार आणि एडका, सगळं एकदमच माझ्या छाताडावर आलं. भर दुपारचा उजेड फिल्मवर सांडला. आरशाचे तुकडे झाले आणि तुकड्यातुकड्यात एकेक एडका. आमचा पठ्ठ्या प्रत्येकाला भिडला. बंब चेपला, बादली फुटली, माझ्या दोन बरगड्या वाजल्या. त्याच्या कपाळातून रक्ताची धार लागली, तरी पाठ काही फिरवेना; मागं सरायचा तो पुढच्या धडकेपुरताच. शेवटी मामा आणि मिशाळ दोघांनी मिळून शिंगं धरली, तेव्हा कुठं थांबला.

मी पालथ्या दाराखालून फिल्म वर केली. "गेलं सगळं. उजेड लागला."

मिशाळ धापा टाकत एडक्याकडं बघत राहिला. मग सुरी कमरेला खोचून म्हणाला, "ऱ्हाऊ दे. म्या बगितला फोटू."

मामानं ती फिल्म एडक्याच्या शिंगांना हारासारखी गुंडाळली आणि जिना उतरता उतरता मला ओरडून सांगितलं, "लय झ्याक आला रं भाच्या!"