ताईच्या पिंटूची ट्रिपल

चंद्रपूर ते मुलचेरा हा प्रवास आता लोक सहज करत असतील. मी केला तो ऐंशीच्या दशकात, तेव्हा कमरेचं एकेक हाड वेगळं मोजता यायचं. फार्मसीचा निकाल लागायचा होता. घरात बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा सुनंदाताईकडे जाऊ म्हटलं. ताई तिकडे सरकारी नर्स होती.

सकाळची एसटी, मूलला चहा, गडचिरोलीला गाडी बदल. चामोर्शीत नेमका बाजाराचा दिवस, त्यामुळे पुढे माझ्या मांडीवर दोन कोंबड्या आणि अर्धी त्यांची मालकीण. जाणार असाल तर खिडकी धरा. ताईच्या हातचा गरम भात आणि अंबाडीची भाजी पुढ्यात आली आणि सगळे धक्के माफ केले.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत लसीकरणाला निघालो. दीड तासाची जंगलवाट. डांग्या खोकल्यासह तीन रोगांवरच्या ट्रिपल लसीचा बर्फाचा थर्मास तिच्या खांद्यावर, तिचा सात महिन्यांचा पिंटू माझ्या कडेवर. शेजारच्या गावात डांग्या खोकल्यानं दोन लेकरं दगावली होती, म्हणून बाया आधीच झाडाखाली जमलेल्या. ताईनं स्टोव्हवर सुया उकळायला ठेवल्या. सगळ्यांत पुढे बसलेल्या शेवंताबाईनं पिंटूकडे बघत मला सहज विचारलं, "याले टोचलं का जी?"

मी फार्मसीवाला शहाणा. म्हणालो, "नाही अजून. ताई म्हणते, ट्रिपलनं ताप येतो."

शेवंताबाई लेकीला घेऊन उठली. तिच्यामागे सगळ्याच उठल्या.

"काऊन जी बाई, आमच्या लेकरायले ताप येत नाई का?"

"तो कमजोर हाय," ताई पुटपुटली. कमजोर पिंटू तेव्हा माझा चष्मा चावत होता.

"आमच्या गावात रांधणारी पयले खाते, मंग पंगत बसते," शेवंताबाई म्हणाली.

बर्फ वितळत होता. आज लस टोचली गेली नसती तर पुढची फेरी महिन्यानं, आणि खोकला काही महिनाभर थांबणार नव्हता. मला हसू येत होतं, पण ताईचे डोळे भरलेले पाहिले आणि लाज वाटली.

"मीच टोचलेलं एक पोरगं तापानं फणफणलं होतं रे," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्या दिवशी खेळत होतं. मले सारं माहीत हाय. पण याले टोचाले हात धजत नाई."

"मी टोचू?"

"तुले कांदा कापता येत नाई!" रडता रडता ती हसली, आणि तिनं सुई उचलली.

पिंटूनं जंगल डोक्यावर घेतलं. शेवंताबाईनं त्याला मांडीवर घेऊन थोपटलं, तो गप्प झाल्यावर स्वतःची लेक पुढे केली. "घे, बाई."

संध्याकाळी पिंटूला ताप आलाच. ताई कपाळावरची पट्टी बदलत राहिली. सकाळी चष्मा पुन्हा त्याच्या तोंडात.

घरी परतून मी हा किस्सा मीठमसाला लावून सगळ्यांना सांगितला. पुढे औषधाचं दुकान टाकलं, लग्न झालं, मुलगी झाली. तिची ट्रिपल मी दोनदा पुढे ढकलली. एकदा सर्दी होती, एकदा अमावस्या.

तिसऱ्यांदा बायकोनं विचारलं, "शेवंताबाईले बोलावू का?"

मी मुकाट्यानं पोरीला उचललं आणि दवाखान्याची वाट धरली.