मधली गोटी

माझ्याकडे एकोणीस नंबरच्या तीन गोट्या आहेत आणि आमच्या घरात एकोणीस नंबरचा एकही नट नाही.

गोटी म्हणजे खेळायची नव्हे. गॅरेजवाले सॉकेटला गोटी म्हणतात. नटाच्या डोक्यावर टोपीसारखी बसवायची आणि वरून दांडा लावून फिरवायची. हे ज्ञान मला वयाच्या पन्नाशीला झालं. आमचं मूळ घर सोलापूरकडचं आणि आमच्या घराण्यात हत्यार म्हणजे अडकित्ता. (वडील भिंतीत खिळा ठोकायलाही माणूस बोलवायचे आणि तो ठोकत असताना लांब उभं राहून सूचना करायचे.) मी स्वतः अठ्ठावीस वर्षं एका विमा कचेरीत दावे तपासतो, म्हणजे दुसऱ्यांनी मोडलेल्या वस्तूंवर शेरे मारतो. स्वतःच्या हाताने काही मोडायचा योग तेवढा आला नव्हता.

आम्ही राहतो विरार पूर्वेला, चंदनसारला, चौथ्या मजल्यावर. सासुरवाडी जवळच्याच गास गावची. माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांची वाडी आहे, वाडीत विहीर आहे आणि विहिरीवर एक पंप आहे. हा पंप मामांनी चाळीस वर्षं स्वतः खोलला आणि स्वतः बसवला. मेकॅनिक त्या वाडीत आलाच असेल तर लग्नाच्या जेवणाला.

गेल्या वर्षी गणपती गेले आणि पंपाचं पॅकिंग गेलं. पाइप जिथे पंपाला जोडतो तिथे दोन लोखंडी तबकड्यांच्या मध्ये रबराची चकती असते, ती फाटली. पंप पाण्याबरोबर हवाही ओढायला लागला आणि मनगटाएवढ्या धारेची करंगळी झाली. काम तसं अर्ध्या तासाचं. चार नट काढायचे, चकती बदलायची, नट लावायचे. मामा म्हणाले, उद्या खोलतो. तो उद्या पंधरा दिवस झाले तरी येईना. वांग्याची रोपं नुकतीच लावली होती, ती दुपारी माना टाकायची आणि मामी त्यांना कळशीने पाणी घालायच्या.

कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मामांचा हात थरथरायला लागला होता. त्यांच्या हातात बशी वाजायची. मामींनी गुपचूप चहाची कपबशी बंद करून पेला सुरू केला, तोही अर्धा, आणि विचारलं तर म्हणायच्या, दूध कमी आहे. (गोठ्यात म्हैस असलेल्या घरात!) एकदा सुजाताने, म्हणजे माझ्या बायकोने, नालासोपाऱ्याहून माणूस बोलावू का असं विचारलं. पुढचे दोन दिवस मामा विहिरीकडे फिरकले नाहीत. ज्या माणसाची सकाळ विहिरीवर सुरू होते तो ओटीवर भिंतीकडे बघत बसलेला मी पाहिला आणि मला ते अजिबात सहन झालं नाही.

अडचण हाताची होती तितकीच हत्याराचीही होती, हे मला त्या दिवशी कळलं. मामांचा रिंग पाना नटावर बसवायचा, बाजूच्या पाइपामुळे जेमतेम बोटभर फिरवायचा, उचलायचा, पुन्हा नेमका बसवायचा. थरथरत्या हाताला तो ‘पुन्हा नेमका’च जमत नव्हता. गोटी आणि कटकट वाजणारा रॅचेटचा दांडा असेल तर एकदाच बसवायची आणि दांडा नुसता पुढेमागे करायचा. ही कल्पना मला माझी मीच सुचली, त्यामुळे मी फारच खूश झालो आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

सुजाताने एकच अट घातली होती. “त्यांना काही विचारायचं नाही. त्यांच्या हातासाठी काही आणतोय हे त्यांना कळता कामा नये.” आता न विचारता नटाचं माप कसं घ्यायचं? मी पुढच्या रविवारी मामींकडून मळलेल्या कणकेचा गोळा मागून घेतला, विहिरीवर गेलो आणि नटावर दाबून ठसा घेतला. तो डब्यात घालून मी गास ते चंदनसार मांडीवर धरून आणला. घरी येईपर्यंत कणीक बसली होती. मोजपट्टीने नट सतरा नंबरचाही भरला आणि चोवीसचाही. सुजाताने आईला फोन लावला. मामी म्हणाल्या, “अगो, त्यांच्या पान्यावर लिवलाय ना, एकोनीस.” त्या कणकेच्या पोळ्या करू नयेत एवढं तारतम्य आम्ही पाळलं.

मग मी तुलना सुरू केली. कचेरीत शिकलेलं सगळं पणाला लावून एक्सेलमध्ये तक्ता केला. चकाकी, पेटी, वजन, हमी, लोकांनी दिलेले तारे, दर नगाला पडणारी किंमत. दहा दिवस मी जेवताना क्रोम व्हॅनेडियम पोलादाविषयी बोलत होतो. शेवटी दोन सेट घेतले. एक रस्त्यावरच्या गाड्यावरचा, लाल पेटीतला, शेहेचाळीस नगांचा, ज्याची किंमत ऐकून दया यावी. दुसरा ऑनलाइन, आजन्म हमीवाला, ज्याची किंमत मी सुजाताला अजून पूर्ण सांगितलेली नाही. त्यात एकोणीसची छोटी गोटीही होती आणि लांबही.

विरारच्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात मी खरं तर रबराची चकती घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने कशासाठी म्हणून विचारलं आणि मी ज्ञान पाजळलं. तो म्हणाला, “साहेब, बोल्ट नटाच्या बाहेर किती आलाय?” मी म्हटलं, अर्धी करंगळी. “आणि वर जागा किती?” मला आठवलं, नटांच्या बरोबर वर पाइपाचं वळण आहे. तो म्हणाला, “मग छोटी नटापर्यंत पोचणार नाय, लांबवाली दांड्यासकट मावणार नाय. मधल्या उंचीची येते, ती घेऊन जा.” आणि त्याने खोक्यातून एक सुटी, काळपट, बिनपेटीची गोटी काढून दिली. आमच्या कचेरीत नेहमी तीन योजना ठेवतात आणि त्यातली मधली खपवायचीच असते, त्यामुळे मधल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. तरी भिडेखातर घेतली. तक्त्यात तिला शंभरपैकी अडतीस गुण पडले.

हत्यारं मामांकडे न्यायला निमित्त आयतंच मिळालं. खंडेनवमीला त्यांच्याकडे घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा होते. जावयाने नवी हत्यारं घेतली आणि पूजेला आणली, यात संशय घ्यायला जागाच नाही! बेत असा होता की पूजेआधी गुपचूप तिन्ही उंचीच्या गोट्या नटावर लावून बघायच्या, जी बसेल ती दसऱ्याला मामांच्या हाताशी सहज पडलेली ठेवायची.

नवमीच्या सकाळी मामा झेंडू तोडायला गेले आणि आम्हाला वीस मिनिटं मिळाली. सुजाता पायवाटेवर पहाऱ्याला, मी विहिरीवर. महागड्या सेटला ओरखडा नको म्हणून मी आधी लाल पेटीतली छोटी गोटी काढली. बाहेर आलेला बोल्ट आत लागल्यामुळे ती नटाच्या कडेवर नुसती टेकली. मी जोर लावला. काहीतरी फिरलं आणि मला अत्यानंद झाला. नट जागेवरच होता, त्याचे कोपरे फिरले होते. मग मी एक दगड घेतला आणि गोटी नीट बसावी म्हणून वरून चार ठोके मारले. ती बसली. इतकी बसली की ओढली, पिरगाळली, विनंती केली, निघेचना. घाईघाईत दुसऱ्या नटावर लांब गोटी लावली तर दांडा पाइपाला अडला. एवढ्यात सुजाता खोकली. मी उरलेली हत्यारं गोळा करून पळालो आणि ती एक चकचकीत गोटी नटावर तशीच राहिली.

पूजा झाली. पाटावर विळे, कोयते, फावडं, मामांचे पाने आणि शेजारी माझ्या दोन पेट्या, पुढ्यात ती काळी सुटी गोटी. मग तबक घेऊन मामा पंपाच्या पूजेला निघाले आणि आम्ही सगळे मागून, गुन्हेगार नेतात तसे. चार नटांपैकी एकाने चांदीचा मुकुट घातला होता. मामा थांबले. मी विहिरीची खोली पाहून घेतली. मामींनी मात्र पुढे होऊन त्या गोटीला इतक्या सहजपणे हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं, की क्षणभर मलाही वाटलं ती तिथलीच आहे. मामांनी तिला हात जोडले आणि माघारी वळले.

आता त्या घरचा नियम असा की पूजेनंतर हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे अडकलेली गोटी काढायचीही सोय नाही. दिवसभर मी विहिरीकडे पाठ करून बसलो. पुरणपोळ्यासुद्धा दोनच खाल्ल्या. दुपारी मामांनी मला पाटासमोर बोलावलं.

“हात लावायचा नाय,” ते म्हणाले, “नुसतं बघू. इतक्या कशाला आनल्यात?”

मी मोबाइल काढून तक्ता दाखवला. मामांनी चष्मा लावून तो सावकाश, डावीकडून उजवीकडे वाचला. मग म्हणाले, “यात नट कुठं हाय?”

नटाचा रकाना नव्हता. दहा दिवस मी गोट्यांची गोट्यांशी तुलना केली होती.

मग मामा हाताची घडी घालून, लांबूनच, एकेक सांगायला लागले. लाल पेटीतल्या गोट्यांचं तोंड बघा, आतली कड गोल आहे आणि बारा कोपरे आहेत, गंजलेला नट असला की ती धरायच्या आधी सरकते. नंबर कोरलेला नाही, रंगवलेला आहे, वर्षभरात पुसला जाईल. काळी दिसायला कशीही असो, सहा कोपऱ्यांची आहे, भिंत जाड आहे, नटाला अंगाने धरते. “आनि ही महागातली, लांबडी, पोलाद एक नंबर हाय. पन उंच हाय ना, हात हालला का डोलते.”

हात हलतो ही गोष्ट इतक्या दिवसांत त्या घरात पहिल्यांदा उच्चारली गेली होती, आणि ती त्यांनीच उच्चारली होती.

“तुमच्या मामीला वाटतं मला समजत नाय,” ते हळूच म्हणाले. “दूध कमी म्हने. म्हस दोन टाइम दूध देते.”

मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, “मामा, पंप तुम्हालाच खोलता यावा म्हणून आणलंय हे सगळं. मला काही येत नाही.”

“ते सकाळीच बघितलं,” मामा म्हणाले.

संध्याकाळी ते तेलाची बुधली घेऊन विहिरीवर गेले. मामींनी आठवण केली की आज नवमी आहे. मामा म्हणाले, तेल घालणं काम नाय, मारुतीला नाय घालत आपन? आणि चारी नटांना त्यांनी रात्रभर पुरेल एवढं तेल पाजलं.

दसऱ्याच्या सकाळी पाटावरून त्यांनी पहिल्यांदा लहान हातोडी उचलली. अडकलेल्या गोटीला चारी बाजूंनी टिचक्या मारल्यासारखं ठोकलं आणि ती निघाली, फुलासकट. मग काळी गोटी दांड्याला लावून त्या झिजक्या नटावर ठेवली. बोल्ट तिच्या पोटात मावला, वर दांड्यापुरती जागा उरली. मामांनी डावा तळवा वर दाबून धरला आणि उजव्या हाताने दांडा ओढला. हात थरथरत होता, दांडाही थरथरत होता, पण गोटी नटावर घट्ट बसली होती, ती थरथर नटापर्यंत पोचतच नव्हती. करकर आवाज झाला आणि नट फिरला. मग नुसतं कट कट कट.

मामींनी मान फिरवली. सुजाता उघडच रडली. मलाही भरून आलं, ते लपवत नाही. त्या भरात मी पुढे सरसावलो आणि म्हणालो, “मामा, पुढचा मी काढू?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नटाच्या कोपऱ्यांकडे पाहिलं. “तुमी ताटली धरा,” ते म्हणाले.

मी स्टीलची ताटली धरली. त्यांनी चार नट काढून एकेक करून तिच्यात ठेवले. चौथा ठेवला तेव्हा माझे डोळे पाण्याने भरलेले होते, ताटली कलली आणि एक नट टण्‌कन काठावर आपटून विहिरीत गेला. विहीर खोल आहे, आवाज जरा वेळाने आला. मामांनी जुन्या नटांच्या डब्यातून दुसरा शोधला, चकती बसवली, पंप सुरू केला आणि वाफ्यात मनगटाएवढी धार पडली. दुपारी वांग्याची रोपं ताठ उभी होती.

तेव्हापासून मामा सुटलेच आहेत. स्वतःचा पंप झाला, शेजारच्या वाड्यांतले झाले, गावातून बोलावणी येतात. मधली गोटी त्यांच्या खिशात असते आणि रविवार आला की मला फोन येतो, कारण ताटली धरायला माणूस लागतो. परवा एका अनोळखी वाडीत तिथल्या मालकांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? मी शर्ट नीट केला. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, वरिष्ठ अधिकारी, काहीतरी भारदस्त येणार म्हणून मान ताठ केली.

मामा नटावरची नजर न काढता म्हणाले, “आमचे जावई. ताटली धरतात. आता नाय सांडत.”