गोळीच्या मशीनवरचा निळा रंग

कामरगावच्या देवमनभाऊंनी सव्वीस वर्षं जत्रांतून पिनबॉलची मशीन चालवली. अकोल्यातलं एक व्हिडिओ पार्लर बंद पडलं आणि ती भंगारात निघाली, तेव्हा त्यांनी ती टेम्पोत घालून घरी आणली. काचेखाली उतरती रंगीत फळी, लुकलुकणारे दिवे, आणि लोखंडी गोळी खाली पडू नये म्हणून बटण दाबून हलवायच्या दोन पट्ट्या. मानोऱ्यापासून मेडशीपर्यंत लोक तिला गोळीची मशीनच म्हणत. पत्नी दुर्गाबाई शेजारी बसून सुटे पैसे द्यायच्या, रात्री मशीन पुसून ठेवायच्या. स्वतः मात्र त्या एकदाही खेळल्या नाहीत.

यंदा देवमनभाऊंचे गुडघे गेले. मशीन विकायची ठरली, पण घेणाऱ्याने ती चालती ठेवावी, एवढीच अट. "कोनी तिले खोलून इकली त मले सहन होनार नाई," हे त्यांनी मला दहादा तरी सांगितलं असेल. मी शेजारी, म्हणून फोटो मीच काढून पाठवले. जुन्या मशिनी जमवणारे पुण्याचे एक गृहस्थ पाहायला येतो म्हणाले.

पट्ट्यांच्या वर, गोळी घासून घासून, तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं होतं. दुर्गाबाईंना त्याची लाज वाटली. मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हणून घर सारवावं, तशा त्या कामाला लागल्या. दाराला लावून उरलेला निळा ऑइलपेंट घेतला, उघडं लाकूड झाकलं, कडेची फिकट फुलंही उजळली. मीही वाहवा केली. माझी अक्कल तरी कुठे जागेवर होती!

गृहस्थांनी काच काढून फळीवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"झिजलेलं चाललं असतं, काका. त्यानं किंमत थोडी उतरते, इतकंच. खेळून झिजलंय हे कळतं. पण वरून रंग दिला की मूळ चित्रच गेलं. खरवडलं तर खालचंही निघेल. आता मी फक्त सुट्या भागांसाठी नेऊ शकतो. कुणी रंगवलं हे?"

दुर्गाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"म्याच रंगवलं जी," देवमनभाऊ म्हणाले. "चहा घ्या. मशीन नाई द्याची आमाले."

त्या माणसाचा मला भयंकर राग आला. बोलला ते खरं होतं, म्हणून जास्तच आला.

गाडी गेल्यावर दुर्गाबाई रडल्या. "तुमी खोटं काहून बोलले?"

"सव्वीस वर्सं तूच पुसली नं तिले? मंग?"

दुसऱ्या दिवसापासून दुर्गाबाई खेळायला लागल्या. रोज दुपारी, ओसरीत, उभ्यानं. खालचं लाकूड पुन्हा दिसेपर्यंत खेळायचं, असं त्यांनी ठरवलंय. परवा मी गेलो तेव्हा निळ्या रंगावर एक बारीक ओरखडा उठला होता.

"किती दिसात निघन जी हे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"पयल्या खेपेले सव्वीस वर्सं लागले."

देवमनभाऊंना एकाहत्तरावं चालू आहे. दुर्गाबाईंनी पुढची गोळी सोडली.