मंजुरीला दुसरा माणूस

आमच्या काकांची खोली म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधली फट. टेबल, खुर्ची आणि धुण्याचं मशीन. मशीनचं दार उघडलं की काका आत अडकले. कपडे निघेपर्यंत सुटका नाही.

याच फटीत बसून त्यांनी दवाखान्यांतल्या सिस्टरांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला करून टाकला. कुणीही कोड बघावा, बदल सुचवावा. तो तपासून आत घ्यायचा की नाही ते राखणदारांनी ठरवावं. राखणदार दोन: काका आणि त्यांचा मित्र, ज्याला सगळे दाढीच म्हणत.

लोकांनी बदल पाठवले, आणि काय एकेक पाठवले! एकाने रंग बदलता बदलता रविवारच उडवला. मग काकांनी नियम लिहायला घेतले. नवी जखम, नवा नियम. आधी विचारा, मग लिहा. एका वेळी एकच बदल. पुढे एका गोडबोल्याला काकांनी दाढीला न विचारता, एकट्याच्या मर्जीने राखणदार केलं. त्याने असा घोळ घातला की एका दवाखान्यात सकाळी कामावर कुणी उगवलंच नाही. तेव्हापासून सगळ्यांत वर, जाड अक्षरांत: नवा राखणदार घ्यायला किंवा हा नियम बदलायला दोन राखणदारांची मंजुरी हवी.

नियम घरातही शिरले. मी म्हटलं, "काका, भाजी खारट झालीय, आणि पंखा पण कुरकुरतोय."

काकांनी नाकातून लांब श्वास सोडला. "दोन वेगळ्या तक्रारी. वेगवेगळ्या मांड. खारट, म्हणजे नेमकी कितव्या घासाला? पुन्हा करून दाखवता येईल?"

"येईल की!" काकू म्हणाली. "उद्या तीच करते."

मग दाढीने अंग काढून घेतलं. "मी सुटलो रे बाबा, तूही सूट!" फोनवरही त्याचं हसणं घरभर ऐकू आलं. त्याचं नाव काढायला काकांनीच मंजुरी दिली. नंतर लक्षात आलं, त्याला परत घ्यायलाही आता दोघे हवेत, आणि उरले एकटे काका.

तेव्हापासून जगाच्या तक्रारी एकट्या काकांवर. जेवताना फोन थरथरतो, आंघोळ करताना थरथरतो. काकूच्या बहिणीकडे जायचं तिकीट दोनदा रद्द झालं.

आणि बदल पाठवणाऱ्यांत एक सिस्टर भेटली. लांबच्या शहरातली, स्वतःची पाळी चुकते म्हणून कोड शिकलेली. तिचे बदल इतके स्वच्छ, की चूक सापडेना म्हणून काका बेचैन. "राखणदार व्हाल?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली.

रविवारी दुपारी काकांनी तिचं नाव घातलं. पडद्यावर आलं: एक मंजुरी बाकी. खाली, प्रोग्रामच्या मालकापुरतं, बारीक बटण: तरीही आत घ्या.

"अहो, दाबा ना!" काकू म्हणाली.

काकांनी बटण पुन्हा एकदा वाचलं. मग मी दाढीचा घोगरा आवाज काढला, "मंजूर आहे रे बाबा, दाब!"

काका खदखदून हसले. हात माऊसवर गेला, बोट टेकलं, आणि तिथेच राहिलं.

"गोडबोल्याला घेतलं तेव्हाही मी असाच खुशीत होतो," ते म्हणाले.

हात मागे आला. त्यांनी सिस्टरला लिहिलं, 'थोडं थांबावं लागेल.' फोन थरथरला: नवी तक्रार.

 काकूने मशीनचं दार उघडलं आणि कपडे काढायला घेतले. अगदी सावकाश, एका वेळी एकच.